कालची फाईल शोधताना

पुण्यातल्या जुन्या माणसांसमोर नुसते ‘पूर’ म्हटले तरी त्यांना १२ जुलै १९६१ हीच तारीख आठवते. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही फुटले आणि मुठेचे पाणी पेठांमध्ये शिरले. २०११ साली या घटनेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा एका शाळेतल्या मुलांनी शेजारपाजारच्या आजी-आजोबांकडून त्या दिवसाच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांची छोटीशी पुस्तिका करण्याच्या कामात आम्हीही होतो.

एकूण २६ आठवणी जमल्या. छपाईला देण्याआधी शेवटचे वाचन करताना एका मुलीच्या लक्षात आले, की नारायण पेठेतल्या एका आजींची दोन पानांची आठवण फाईलमध्ये जेमतेम पाच ओळींची उरली आहे. वाक्य मध्येच तुटले होते. बहुधा कोणीतरी मजकूर दुसऱ्या पानावर नेण्यासाठी उचलला, तो तिथे चिकटवायचे राहून गेले आणि फाईल तशीच साठवली गेली.

पुन्हा जाऊन आजींना विचारता आले असते. पण त्या दोन महिन्यांपूर्वीच वारल्या होत्या. ज्या वहीत त्यांचे बोलणे उतरवून घेतले होते ती वही परीक्षा झाल्यावर रद्दीत गेली होती.

“काळजी नको, फाईलच्या पाच प्रती आहेत,” असे आम्ही मोठ्या विश्वासाने सांगितले. दोन संगणकांवर एकेक आणि तीन पेनड्राइव्हवर एकेक. पाचही उघडून पाहिल्या. पाचही ठिकाणी त्याच पाच ओळी!

हे असे का झाले, आणि आजींची दोन पाने शेवटी कशी मिळाली, हे पाहताना बॅकअप म्हणजे नक्की काय याचा चांगलाच उलगडा होतो.

‘साठवा’ म्हटले की काय होते?

फळ्यावर लिहिताना आपण आधीचे पुसतो आणि त्याच जागी नवे लिहितो. आधी काय लिहिले होते ते फळ्याला सांगता येत नाही. संगणकातल्या फाईलचेही साधारण असेच आहे. आपण ‘आठवणी’ नावाची फाईल उघडतो, बदल करतो आणि साठवतो. आता त्या नावाने संगणकाला फक्त नवा मजकूर माहीत असतो. जुना मजकूर तबकडीच्या एखाद्या कोपऱ्यात काही काळ पडून असेलही, पण त्याच्याकडे जाण्याची वाट मोडलेली असते आणि ती जागा पुढच्या कोणत्याही मजकुरासाठी मोकळी धरली जाते.

सगळ्याच संगणकप्रणाली अशा नव्हत्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या व्हीएमएस या प्रणालीत फाईल साठवली की नावापुढे क्रमांक वाढत जाई : आठवणी १, आठवणी २, आठवणी ३. म्हणजे फळा पुसायचा नाही, वहीचे नवे पान उलटायचे. ही सोय घरोघरी पोचलेल्या संगणकांत मात्र नेहमीची झाली नाही. आपल्या टेबलावर फळाच आला.

प्रत वेगळी, बॅकअप वेगळा

आमच्या पाच प्रतींचे काय झाले ते आता कळेल. दर शनिवारी आम्ही संगणकावरची ताजी फाईल पेनड्राइव्हवर घेत होतो. पेनड्राइव्हवर त्याच नावाची जुनी फाईल असे. “ती बदलायची का?” असे संगणक विचारी आणि आम्ही “हो” म्हणत असू. म्हणजे ज्या आठवड्यात चूक झाली, त्याच्या पुढच्याच शनिवारी आम्ही ती चूक स्वतःच्या हाताने सगळीकडे पोचवली.

संगणक बिघडला असता, पेनड्राइव्ह हरवला असता, तर या प्रती कामाला आल्या असत्या. पण चूक माणसाची होती. आरशासमोर उभे राहून कपाळावरचा डाग पुसला गेला की नाही ते कळते. काल डाग होता का, हे आरसा सांगत नाही. पाच आरसे लावले तरी नाही.

आज अनेक शिक्षकांच्या फाइली इंटरनेटवरच्या साठवणीशी जोडलेल्या असतात. इकडे बदल केला की काही क्षणांत तिकडेही होतो. ही सोय चांगली आहे, पण मुळात तोही आरसाच, आणि आमच्यापेक्षा चपळ. आम्हाला चूक पसरवायला शनिवारपर्यंत थांबावे लागत होते! अशा बऱ्याच सेवा आधीच्या आवृत्त्याही काही मुदतीपर्यंत ठेवतात, म्हणून त्या उपयोगी पडतात. उदाहरणार्थ, गूगल ड्राइव्हवर चढवलेल्या वर्डसारख्या फाईलच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्या होईपर्यंत राहतात. चूक दीड महिन्याने लक्षात आली, तर ती मुदत टळून गेलेली असते.

थोडक्यात, दोन वेगळ्या गोष्टी जपायच्या असतात. प्रत जपली की वस्तू वाचते. जुन्या आवृत्त्या जपल्या की वेळ वाचते, म्हणजे ‘त्या दिवशी फाईल कशी होती’ हे शाबूत राहते. बॅकअप या शब्दात दोन्ही यायला हवे.

चार सीड्या उघडून काम झाले

आमची सुटका केली ती शाळेतल्या संगणकाच्या बाईंनी. दर शनिवारी त्या पुस्तिकेचे सगळे काम एका कोऱ्या सीडीवर उतरवत आणि तिच्यावर तारीख घालून कपाटात ठेवत. या सीड्या एकदाच लिहिता येणाऱ्या होत्या. त्यामुळे कोणाची इच्छा असली तरी जुन्यावर नवे लिहिणे शक्यच नव्हते. अशा १६ सीड्या निघाल्या.

आता यांतली कोणती हवी? “पहिली सापडेल ती चांगली प्रत घ्या,” असे एकाने सुचवले. पण मुलांनी आजींना त्यांचे लिखाण वाचून दाखवले होते आणि आजींनी त्यात दुरुस्त्या सांगितल्या होत्या. फार जुनी प्रत घेतली असती तर त्या दुरुस्त्या गेल्या असत्या. आम्हाला हवी होती ती बिघडण्याआधीची शेवटची प्रत. जुनी फाईल शोधताना बहुतेक वेळा हेच हवे असते.

तिसऱ्या सीडीवर बाईंनी ‘आजींचे पूर्ण’ असे लिहून ठेवले होते. सोळाव्या सीडीवर आत्ताचीच, म्हणजे बिघडलेली फाईल असणार. ओळीने एकेक सीडी उघडण्याऐवजी आम्ही मधली, नववी घेतली. तिच्यात दोन्ही पाने होती. म्हणजे बिघाड नऊनंतरचा. मग बारावी उघडली. तिच्यात पाच ओळी. म्हणजे बिघाड नऊ आणि बारा यांच्या मध्ये. दहावी पाहिली, पूर्ण. अकरावी पाहिली, तीही पूर्ण. अकरावी सीडी हीच आमची प्रत!

शब्दकोशात शब्द शोधताना आपण हेच करतो. मध्यावर उघडतो, शब्द मागे की पुढे ते पाहतो आणि निम्मा कोश बाजूला सारतो. दर वेळी शिल्लक निम्मी होते, म्हणून १६ शक्यतांसाठी ४ वेळा, ३२ साठी ५ वेळा आणि १०२४ साठी केवळ १० वेळा पाहावे लागते. याला एक अट आहे : मजकूर एकदा गेला की गेला, मध्ये परत आलेला नाही. एखाद्याने तो परत घालून पुन्हा काढला असेल तर ही युक्ती फसवते.

तारखेवर किती विश्वास ठेवावा?

सीड्यांवर बाईंच्या हातची तारीख होती, म्हणून क्रम लावणे सोपे गेले. नाहीतर फाईलवरची तारीख पाहावी लागते आणि तिथे गोंधळ होतो. विंडोजमध्ये फाईलला एक ‘निर्मितीची’ आणि एक ‘बदलाची’ तारीख असते. फाईलची प्रत दुसरीकडे केली की बदलाची तारीख जुनीच राहते, पण निर्मितीची तारीख प्रत केल्याच्या दिवसाची होते. त्यामुळे एखादी फाईल जन्मण्याआधीच बदलली होती असे दिसते! घाबरू नये, याचा अर्थ एवढाच, की ती प्रत आहे. मजकूर किती जुना हे ठरवताना बदलाची तारीख जास्त उपयोगी. पण फाईल उघडून उगाचच ‘साठवा’ म्हटले तर तीही नवी होते. म्हणून जुनी प्रत नुसती पाहायची असेल तेव्हा ती न साठवता बंद करावी.

आणखी एक गंमत. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फाईल हिस्टरी’ नावाची सोय मिळते. ती चालू केली आणि वेगळी तबकडी जोडून ठेवली, की साधारण दर तासाला बदललेल्या फाइलींची नवी प्रत निघते आणि तिच्या नावातच तारीख-वेळ लिहिली जाते. पण ही वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. समजा, १३ मार्चला मध्यरात्री साडेबाराला तुम्ही गुणपत्रक पूर्ण केले आणि लगेच त्याची प्रत निघाली. तर नावात १२ मार्च, १९ वाजून ० मिनिटे असे दिसेल. हे ठाऊक नसले तर माणूस हव्या त्या प्रतीवरूनच पुढे निघून जातो. भूगोलाच्या तासाला शिकवलेल्या रेखावृत्तांचा असाही उपयोग!

सापडली, पण वाचता येईना

नववी सीडी आम्ही पहिल्यांदा उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा नुसता खच होता. फाईल खराब झाली असे वाटले. तसे नव्हते. मजकूर एका जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला होता आणि तो फाँट या संगणकावर नव्हता.

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये ‘क’ चा क्रमांक २३२५ आहे आणि तो जगभर तोच असतो. पण छपाईच्या कामात युनिकोड रुळायला बरीच वर्षे लागली. तोपर्यंत रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेले फाँट वापरले जात. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकची उत्पादने आणि पुण्यातच घडलेली ‘श्री-लिपी’ यांनी मराठी छपाई किती सुकर केली हे त्या काळात काम केलेल्या कोणालाही विचारावे. मात्र प्रत्येकाची मांडणी वेगळी. फाँट नसला की उरतात ती रोमन चिन्हे. फाँट बसवला, आणि आजींची वाक्ये समोर आली.

म्हणून जुन्या मराठी फाइलींबरोबर त्यांचा फाँटही जपावा. दुसरे असे, की अशा फाइलींत आजच्या पद्धतीने मराठी शब्द टाइप करून शोध घेतला तर काहीच सापडत नाही. शब्द डोळ्यांना दिसतो, पण आत क्रमांक निराळे असतात. युनिकोडमध्येसुद्धा ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन निराळ्या रीतींनी साठवलेला असू शकतो. शोध लागला नाही तर ज्यात असा र नाही, असा साधा शब्द घेऊन पाहावे. ‘पाणी’ शोधल्यावर जे मिळते ते ‘वाऱ्यावर’ शोधून मिळेलच असे नाही.

पाच प्रती, पण साक्षीदार एकच

जुना मजकूर शोधण्याचे फार मोठे काम पुण्यात संगणक येण्याआधी झाले आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सित आवृत्ती करायला घेतली. १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत डॉ. वि. स. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते आणि १९६६ मध्ये ती पूर्ण झाली. या कामात बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहिली गेली.

इथे संपादकांपुढचा प्रश्न आमच्या उलट होता. त्यांना उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येईल तितका जुना पाठ हवा होता. पण त्यांनी नुसती हस्तलिखितांची संख्या मोजली नाही. एकाच पोथीवरून उतरवलेल्या शंभर पोथ्यांत त्या मूळ पोथीतली चूक शंभर वेळा दिसणारच. त्या शंभर पोथ्या मिळून साक्षीदार एकच. उलट काश्मीरकडची पोथी आणि केरळातली पोथी, ज्यांचा एकमेकींशी संबंध येणे कठीण, त्या एखाद्या ठिकाणी जुळल्या तर तो पाठ जुना असण्याची शक्यता वाढते. तसेच, पोथी केव्हा उतरवली यावरून तिच्यातला पाठ किती जुना ते ठरत नाही. अलीकडे उतरवलेल्या पोथीतही जुना पाठ टिकलेला असू शकतो.

हीच कसोटी आमच्या पाच प्रतींना लावा. पाचही एकाच फाईलवरून उतरलेल्या, म्हणजे साक्षीदार एकच. बाईंची अकरावी सीडी ही चूक होण्याआधीच वेगळी फुटलेली शाखा होती, म्हणून ती खरा दुसरा साक्षीदार ठरली.

किती प्रती ठेवायच्या?

रोजची पूर्ण प्रत ठेवली तर जागा किती लागेल? समजा, शाळेचे सगळे काम ५०० मेगाबाइटचे आहे आणि रोज त्यातले ५ मेगाबाइट बदलते. ३० दिवसांच्या ३० पूर्ण प्रतींना १५,००० मेगाबाइट लागतील. त्याऐवजी पहिल्या दिवशी पूर्ण प्रत आणि नंतरचे २९ दिवस फक्त आदल्या दिवसानंतर बदललेला भाग ठेवला, तर ५०० अधिक १४५, म्हणजे ६४५ मेगाबाइट पुरतात. याला वाढीव बॅकअप म्हणू. गैरसोय अशी, की विसाव्या दिवसाची फाईल उभी करायला पहिल्या दिवसापासूनची साखळी लागू शकते. मधली एक कडी बिघडली की पुढचे अडते.

मधला मार्गही आहे. रोज ‘पहिल्या दिवसानंतर जे जे बदलले’ ते सगळे ठेवायचे. रोज निराळा भाग बदलला असे धरले तर महिन्याला २,६७५ मेगाबाइट लागतील, पण कोणताही दिवस फक्त दोन प्रतींवरून उभा करता येईल. जागा वाचवावी की शोध सोपा करावा, हा व्यवहार प्रत्येक बॅकअपमध्ये असतो. एकसारखे तुकडे ओळखून ते एकदाच साठवण्याच्या युक्त्यांवर मोठे उद्योग उभे राहिले आहेत. त्यांतली ‘ड्रुवा’ ही कंपनी २००८ साली पुण्यातच सुरू झाली.

जुन्या प्रती किती काळ ठेवायच्या यासाठी ‘आजोबा-वडील-मुलगा’ अशी एक जुनी, सोपी पद्धत आहे. सोमवार ते शनिवारच्या ६ प्रती (मुलगे), गेल्या ४ आठवड्यांची एकेक (वडील) आणि १२ महिन्यांची एकेक (आजोबा). एकूण २२ प्रतींत वर्षभर मागे जाता येते. कालची चूक दिवसाच्या अचूकपणे सापडते, दहा महिन्यांपूर्वीची महिन्याच्या. आपल्या आठवणीही अशाच असतात : कालचे सगळे आठवते, गेल्या वर्षीचे ठळक तेवढे.

आणि या साऱ्या प्रती एकाच कपाटात नकोत. १९६१ मध्ये नदीकाठच्या घरांत पाणी शिरले तेव्हा मूळ कागद आणि त्याची नक्कल एकाच ट्रंकेत असती तर दोन्ही गेलीच असती. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, असा ‘३-२-१’ नियम सांगतात. सीड्याही कायमच्या नसतात. त्या खराब होतात आणि आजच्या बऱ्याच संगणकांना सीडीची खाचच नसते. वर्षातून एकदा जुना बॅकअप उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका. आत काय आहे ते ठाऊक नसते.

परत आणताना

जुनी प्रत मिळाल्याच्या आनंदात ती आत्ताच्या फाईलवर थेट चढवू नये. तसे केले तर मधल्या काळातले सगळे काम पुसले जाते. आम्ही अकराव्या सीडीवरची फाईल ‘आठवणी-सीडी ११’ या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, दोन्ही फाइली शेजारी उघडल्या आणि फक्त आजींची दोन पाने उचलली. बाकीच्या २५ आठवणींमध्ये पाच आठवडे केलेल्या दुरुस्त्या जशाच्या तशा राहिल्या.

वर्गात करून पाहा

एक परिच्छेद १६ कार्डांवर लिहा आणि कार्डांना १ ते १६ क्रमांक द्या. कोणत्या तरी एका कार्डापासून पुढे सगळीकडे त्यातला एक शब्द गाळा. कार्डे पालथी मांडा. सोळाव्या कार्डावर शब्द नाही हे आधीच सांगा. शब्द पहिल्यांदा कुठे गळला ते किती कार्डे उलटून कळते? चारपेक्षा जास्त लागली तर का लागली, यावर बोला. मग दुसऱ्या खेपेला शब्द मध्येच एकदा परत घाला आणि तीच युक्ती वापरून पाहा.

पुस्तिका छापून आली तेव्हा तिची एक प्रत आजींच्या घरी दिली. त्यांच्या सुनेने ती दोन पाने उभ्यानेच वाचली. “हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नव्हते,” त्या म्हणाल्या. बाईंनी कपाटातल्या सोळा सीड्यांशेजारी आणखी एक कोरी सीडी लिहून ठेवली आणि तिच्यावर तारीख घातली.